सतरा मीटर

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या मागं,
जिथं वाळत घातलेल्या कपड्यांवरही
लोखंडाची तांबूस पूड बसते,
तय्यबचाचांच्या शेडमध्ये एस्टीम उभी आहे.
मागची सीट काढलेली, डॅशबोर्ड काढलेला,
वजन म्हणून जे जे होतं ते उतरवलेलं.
आणि मी तिच्या अंगावर
ग्रॅम ग्रॅम परत चढवायला आलेय.

आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या वर्गात
एकटीच मुलगी होते, तेव्हाच शिकले:
मोजणाऱ्यानं मोजायच्या वस्तूला
होईल तेवढं कमी शिवावं.

मागच्या चाकाला स्पीड सेन्सर.
दात्यापासून पाऊण मिलिमीटर.
फीलर गेज सापडेना, तर चाचांनी खिशातून
बुडालेल्या पतसंस्थेचं कार्ड काढून दिलं.
"कुछ तो काम आया," म्हणाले.
बरोब्बर बसलं.

एक्झॉस्टच्या चारी नळ्यांत थर्मोकपल,
चौघांचं अंतर सारखं,
नाहीतर एखादा सिलिंडर उगाच तापट ठरतो.
ऑक्सिजन सेन्सर तिरपा, तोंड खाली, पाणी साचू नये म्हणून.
ऑइल प्रेशरचा इंजिनवर थेट नाही,
हातभर नळी देऊन पलीकडं, रबरावर:
थरथर नळीतच जिरू दे, आकडा तेवढा येऊ दे.
धक्के मोजणारी डबी गाडीच्या मधोमध.
ती सपाट आहे का, हे बघायला
चहाची बशी काठोकाठ पाण्यानं भरून वर ठेवली.
आम्ही दोघं श्वास धरून बशीकडं बघत राहिलो.

रविवारी, शेंद्र्याच्या पलीकडं,
प्लॉट पडले पण कारखाने आलेच नाहीत
असा एक सरळ रस्ता.
चारशे दोन मीटर. दोन्ही टोकांना चुन्याची रेघ.
भद्रा बसला. लातूरचा वीरभद्र,
हेल्मेटमध्ये शिरताना चपला बाहेर काढून ठेवणारा.
चौदा सेकंद. मग फक्त धूळ आणि टिटवी.

लॅपटॉपवर पाय दिसतो. पाय म्हणजे थ्रॉटलची रेघ:
वर गेली, वरच राहिली,
तेराव्या सेकंदाला खड्ड्यात पडून परत वर.
"मी पाय उचलला नाही," भद्रा म्हणाला.
"वायरीत खोट असंल."

वायर बघितली. होती खोट.
चाचांनी घाईत ती इग्निशन कॉइलच्या वायरीला खेटून नेली होती.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला:
ठिणगी त्या वायरीत, आणि दचकायची ही.
सोडवली. चार बोटं दूर, चेसिसच्या कडेकडेनं नेली,
शील्डला एकाच टोकाला अर्थ दिला,
टाय मारले, टोकं कापली.

पुन्हा चौदा सेकंद.
सगळी कुसळं गेली, रेघ तुपासारखी.
खड्डा मात्र तिथंच.

कुणी काही बोललं नाही.
चाचा मुद्दाम जॅककडं गेले, ज्याचं काही काम नव्हतं.
"किती वेळ?" भद्रानं विचारलं.
"शून्य पूर्णांक चार."
"त्येवढ्यात किती जातंय?"
"सतरा मीटर."

तो उठला. अनवाणीच.
रेघेकडून उलटा चालत गेला, पावलं मोजत,
एका जागी दगड ठेवला,
सतरा पावलांवर दुसरा.
दोन दगडांच्या मध्ये
बाभळीचं एक वाळकं झुडूप, आणि रस्ता. बाकी काही नाही.
तिथंच खाली बसला, तापल्या डांबरावर.
कामून, ते मी विचारलं नाही.
माझं काम गाडीपुरतं.

रात्री फाइल उघडली तर शेपटी निघाली अकरा मिनिटांची.
लॉगर बंद करायचा राहून गेला होता.
चाकं शून्य. थ्रॉटल शून्य.
चारी नळ्या निवत आलेल्या,
तेलाचं तापमान तेवढं
अंश अंश उतरत होतं, घाई नसल्यासारखं.
आणि अगदी शेवटी, डबीत,
एक बारीकसा धक्का:
कुणीतरी दार
हळूच लावल्याचा.